कापली नाही, छाटली

१८ जानेवारी

चार पानं एका रात्रीत गेली. काल संध्याकाळी चांगली होती. आज कडा तपकिरी आणि मधला भाग भिजलेल्या कागदासारखा. नर्सरीवाल्याने केळ देतानाच सांगितलं होतं, बाई, ही शोभेची जात आहे, हिला गारठा सोसत नाही. मला वाटलं व्हरांड्यात कसला आलाय गारठा. यंदा नगरने दाखवून दिलं.

गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलं. शेजारची लिडिया तिच्या गच्चीवरून बघत होती. म्हणाली, "मफलर राहिला की हो बाई." हसले, पण मनातून वाईट वाटत होतं. पानांवरचे ते किरमिजी ठिपके बघायला सकाळी मी मुद्दाम चहा घेऊन बाहेर बसते.

दुपारी निकिताचा फोन. मावशी कशी आहेस वगैरे काही नाही. "केळ कशी आहे?" म्हटलं, गारठली. लगेच, "पण मरणार नाही ना?" अगं, पानं जळली, झाड कुठे मरतंय. "नक्की ना?" असं दोनदा विचारलं. या पोरीला बागेची आवड कधी लागली कोण जाणे.

२० जानेवारी

ही हकीकत लिहूनच ठेवते, नाहीतर पुढे मलाच खरी वाटायची नाही.

निकिता माझ्या धाकट्या बहिणीची, इंदूची मुलगी. डी.फार्म झालेली. डिसेंबरात केडगावच्या अमृतशी तिचं लग्न झालं. त्याची पशुखाद्याची एजन्सी आहे. हॉल ठरला, पत्रिका छापून झाल्या, आणि मुलाकडच्यांना कुणीतरी सांगितलं, मुलीला कडक मंगळ आहे. म्हणजे नवरा जाणार. गुरुजींचा तोडगा असा की मुलीचं लग्न आधी केळीशी लावायचं. मंगळाने काय करायचं ते केळीचं करावं, अमृतराव सुखरूप. इंदूच्या गावापासून घोडेगावपर्यंत नुसता ऊस. ऐनवेळी तिला आठवली माझी कुंडीतली केळ.

जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं मी. देणार नव्हतेच. पण इंदू फोनवर रडायला लागली, तेव्हा अट घातली की जशी न्याल तशी परत आणायची. टेम्पोतून गेली, मुंडावळ्या बांधून परत आली. मी गुरुजींना विचारलं होतं, केळ स्त्रीलिंगी, मुलगीही स्त्रीलिंगी, हे कसं काय? म्हणाले, आत विष्णू कल्पायचा. बरं!

लग्न लागलं की केळ कापतात. पहिला नवरा गेला, दोष फिटला असा हिशेब. मी कापू दिली नाही. गुरुजींनी एक पान तोडलं आणि म्हणाले, भागलं. निकिता तेव्हा खूप हसली होती. परत निघताना मला म्हणाली, "मावशी, माझ्या पहिल्याला जप हं."

२५ जानेवारी

हळदीकुंकू केलं. निकिता आली, सासूबाईंना घेऊन. सासूबाई आत येता येता व्हरांड्यात थबकल्या.

"ही अजून उभीच हाय व्हय?"

म्हटलं, थंडीने जरा मार खाल्लाय, पण आहे. त्यांनी वाण घेतलं, तिळगूळ घेतला, लक्ष सगळं बाहेर. मग सुरू झाल्या. लग्नानंतरच्याच आठवड्यात बायपासला अमृतची गाडी घसरली. तेव्हापासून पोराचं डोकं दुखतं, जेवण जात नाही. गुरुजींना विचारलं तर त्यांनीच उलट विचारलं, केळ कापली का? "आमाला वाटलं तवाच कापली. तुमी शिकल्यासवरल्या, तुमाला काय सांगावं."

मी म्हटलं, डोक्याचा डॉक्टर गाठा. निकिता माझ्याकडे बघतही नव्हती. तिळगुळाची वडी हातात तशीच.

अमृत सोडायला आला होता. फाटकाबाहेर गाडीला टेकून उभा. चहाला बोलावलं तर हात जोडले, आत पाऊल नाही टाकलं. चांगला धिप्पाड माणूस, कुंडीतल्या झाडाला भितो. मला हसू आवरेना.

२ फेब्रुवारी

निकिताचा फोन. केळ ठीक आहे का? ठीक आहे. बरं, ठेवते. एवढंच.

९ फेब्रुवारी

इंदूशी भांडण. फोनवर, कान गरम होईपर्यंत.

"ताई, तुझं झाड तुला पोरीपरीस जास्त झालं का? काप ना ते. पाचशे रुपड्याचं झाड, मी नवं आणून देते."

म्हटलं, प्रश्न झाडाचा नाहीच. आज केळ कापा, उद्या म्हणतील मांजर मारा. "तुझं आपलं शाळंतलंच. तिकडं माझ्या पोरीचं घर मोडायला आलंय." का मोडायला आलंय, ते विचारलं. इंदू घुटमळली. "आसतंय थोडंफार. नव्या घरात आसतंयच." आणि परत केळीवर आली.

ती काय लपवते आहे ते कळलं नाही. मीही रागात होते, पुढे विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

निकिता एकटीच आली. घरी सांगून आली देवळात जाते म्हणून. उपासाची खिचडी दिली, ती बशी घेऊन सरळ व्हरांड्यात कुंडीपाशी जाऊन बसली. थंडी सरली म्हणून मी परवाच गोणपाट सोडलंय. पानं लोंबताहेत चिंध्यांसारखी. तिने अंगठ्याने खोड दाबून पाहिलं, पुन्हा पुन्हा, जागा बदलून.

"मावशी, पाडव्यापर्यंत तरी टिकेल ना?"

पाडव्याचं काय एवढं, म्हटलं. तर म्हणाली, पुण्यात एका मेडिकलमध्ये जागा होते आहे, मैत्रीण बघते आहे, पाडव्यानंतर बोलावतील. मग अमृतही जाणार का पुण्याला? त्यावर खिचडीत चमचा फिरवत बसली. मग हळूच, "तो बाहेरच्या खोलीत झोपतो."

मला वाईट वाटलं तिच्यासाठी. दोन महिन्यांचं लग्न. त्या खुळ्या भीतीपायी बायकोपासून दूर झोपायचं म्हणजे काय! म्हटलं, तू बोल त्याच्याशी, समजाव, मी येऊ का बोलायला? तिने झटक्यात मान वर केली. "नको. झोपू दे बाहेर. बरं आहे." आणि मग हसली, "घाबरतो मला." मीही हसले. म्हटलं, नवऱ्याने थोडं घाबरलेलंच बरं.

ऊन चांगलं तापलं होतं आणि हिचा कुर्ता लांब बाह्यांचा, मनगटापर्यंत. फॅशन असेल.

जाताना माझा हात धरला. "कोणी काही म्हणालं तरी कापू नकोस." मी कशाला कापीन? शब्द दिला.

२२ फेब्रुवारी

आज मुहूर्त लागला. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, डेटॉलने पुसून घेतलं, जुना गाऊन चढवला, कारण केळीचा चीक कपड्याला लागला की जन्माचा डाग. वाळकी पानं देठापासून काढली, अगदी खोडालगत नाही, बोटभर ठेवून. ओढून काढायची नसतात, साल निघते. खालच्या सुकलेल्या सोपटांच्या आत गोगलगायी निघाल्या, त्या वेचल्या. वरची माती खुरप्याने हलवून शेणखत घातलं. एकच पान हिरवं राहिलं आहे, तेही अर्धं.

खोडाला वास येतोय. आंबूस. वरच्या बाजूला बोट दाबलं तर आत गेलं. मला हे आवडलं नाही.

२६ फेब्रुवारी

उरलेलं पानही मान टाकतंय. वास वाढला. पोंगा ओढून पाहिला — मधली नवीन पानाची गुंडाळी — तो अलगद हातात आला, खालून काळा. आत सड आहे. ती खाली कंदापर्यंत उतरली तर सगळंच गेलं.

निकिताला काही कळवलं नाही. उगीच जीव टांगणीला.

१ मार्च

केळ वाचली!

सकाळी ब्रेडची सुरी घेऊन बसले. वरून चकत्या घेत आले. पहिली काळी, पुढची तपकिरी, घाण पाणी गळतंय. पुढची तपकिरीच. आपल्याच वयाची कुणी ऑपरेशनला आत गेल्यासारखी मी एकेक चकती उजेडात धरून बघत होते. कमरेइतकं खोड गेलं, गुडघ्याइतकं गेलं, आणि वीतभर उरलं तेव्हा आत पांढरंशुभ्र लागलं, मधोमध पोपटी टिकली. सड तिथवरच होती. चकचकीत काप घेतला, वर हळद लावली. आणि माती सरकवली तर कंदाच्या कडेला दोन मुनवे. कोवळी पिल्लं, लालसर, अंगठ्याएवढी.

दुपारी जेवून पुन्हा बघायला गेले तर कापलेल्या खुंटाच्या मधोमध पोंगा चांगला बोटभर वर आलेला. केळीचं हे मला कायम नवल वाटतं. कापलं की तासातासाला वर सरकते.

फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. "केळीची छाटणी झाली." इतकी खूश होते की दुसऱ्यांदा आंघोळ करतानाही गुणगुणत होते.

२ मार्च, होळी

ग्रुपवर इंदूने हात जोडलेले दहा-बारा टाकलेत. खाली, "ताई, देवानं तुला बुद्धी दिली." मी लिहिलं, अगं कापली नाही, छाटली. त्यावर तिने हसरा चेहरा टाकला. फोटो तिने केडगावला पाठवलाही. सासूबाईंनी म्हणे गल्लीत पेढे वाटले.

निकिताने फोटो पाहिल्याची खूण दिसते. उत्तर नाही. संध्याकाळी तिचा फोन.

"मावशी, तू कापलीस?"

समजावून सांगायला लागले, सड होती, कंद शाबूत आहे, छाटणी म्हणजे कापणं नव्हे. ती मधेच म्हणाली, "त्यांना कापलेलीच दिसते गं." मग "बरं" म्हणाली. फोन बंद. तिच्या त्या "बरं"ने पुरणपोळी गोड लागली नाही.

३ मार्च, धुळवड

अमृत आला. स्वतः. फाटक उघडून आत, पायऱ्या चढून वर, डब्यात पुरणपोळ्या. सोफ्यावर ऐसपैस बसला, चहा मागून घेतला. मी इतक्या जवळून त्याला पहिल्यांदाच बघत होते. हसरा चेहरा, आवाज मऊ.

"लई उपकार झाले मावशी. घर घरासारखं झालं आता."

निकिता का नाही आली? "पाय मुरगाळला तिचा. धांदरट हाय ना, जिन्यावरनं पडली." डॉक्टरला दाखवलं का? "किरकोळ हाय."

जाताना कुंडीपाशी थांबला. चपलेच्या टोकाने पोत्यावरूनच खुंट दाबून पाहिला. पोंगा त्याला दिसला नसावा, त्यावर मी सकाळीच सावलीसाठी पोतं टाकलं होतं. मला ते खटकलं. का खटकलं ते रात्रीपर्यंत कळेना, आणि मग लांब बाह्यांचा तो कुर्ता आठवला.

६ मार्च

केडगावला जाऊन आले. न कळवता.

निकिता ओट्यापाशी, एक पाय उचलून उभी. डाव्या कानाखाली निळं. सासूबाई तिला एकटं सोडेनात. मी हातपाय धुण्याचं निमित्त केलं, पाणी तापवा म्हटलं, काही उपयोग नाही. निघताना ती फाटकापर्यंत सोडायला लंगडत आली, तेवढ्यात भरभर बोलली.

लग्नाच्या चौथ्या दिवशी पहिल्यांदा मारलं. चहा गार होता म्हणून. हातावरचे व्रण अजून गेलेले नाहीत. मग त्याची गाडी घसरली, गुरुजींनी केळीचं विचारलं, आणि त्याने असं धरलं की केळ उभी आहे तोवर निकिताचा मंगळ त्याच्यावर टपलेला आहे. हिला हात लावला तर आपण मरू. तेव्हापासून तो बाहेरच्या खोलीत, आणि ही आत कडी लावून निवांत.

"पाडव्यापर्यंत मला तेवढीच पुरली असती, मावशी."

इंदूला माहीत होतं. इंदूला सगळं माहीत होतं. तिने निकितालाही तेच सांगितलं, आसतंय थोडंफार.

मी म्हटलं, आत्ता चल, अशीच. नको म्हणाली. तिची सर्टिफिकेटं त्याच्या कपाटात आहेत, किल्ली सासूबाईंच्या कमरेला. त्याशिवाय नोकरी नाही. पुढच्या शनिवारी सासूबाई शिंगणापूरला जाणार, किल्ली घरी ठेवून जातात, तेव्हा ये. आतून हाक आली आणि ती गेली.

मी रिक्षात रडले. रिक्षावाल्याने आरसा दुसरीकडे वळवला.

७ मार्च

सकाळपासून कशात मन नाही. शब्द दिला होता मी तिला. आणि तिला नाही सांगितलं की सड आहे, नाही विचारलं की कापू का. मला झाडाचं कळतं ना! पुस्तकातलं सगळं कळतं.

दुपारी अमृतला फोन लावला.

"अमृतराव, एक सांगायचं राहिलं. केळीला वर खोड नसतंच. पानांचे देठ एकमेकांभोवती गुंडाळलेले असतात, लोक त्याला खोड म्हणतात. मी कापले ते देठ. खरं झाड मातीखाली असतं. ते जिवंत आहे."

पलीकडे कुणीतरी पोती मोजत होतं. मग तो म्हणाला, "म्हंजी?"

"म्हणजे तुमच्या आधीचा मेलेला नाही. उलट त्याला दोन पिल्लं फुटली आहेत. फोटो पाठवते."

पाठवला. मुनवे स्वच्छ दिसतील असा, जवळून.

यातलं एक अक्षर खोटं नाही. आठवीच्या मुलींना हेच शिकवायचे, आभासी खोड आणि भूमिगत कंद. अंधश्रद्धेवर भाषणं दिलेली बाई मी, आज मंगळ कामाला लावला. लाज वाटली नाही. जरासुद्धा नाही.

९ मार्च

निकिताचा मेसेज. "बाहेरच्या खोलीत."

देव मानत असते तर दिवा लावला असता. त्याऐवजी कुंडीला पाणी घातलं, थोडंच, आणि तिथेच बसून राहिले. एक मुनवा सरळ, एक जरा वाकडा. खुंटातून आलेल्या पोंग्याचं पान उलगडतंय. किरमिजी ठिपके दिसायला लागले.

१० मार्च

लिडियाला सगळं सांगितलं. तिने चष्मा काढून पुसला, परत घातला. म्हणाली, "शनिवार कशाला? आजच आणा. कागद मागाहून मिळतील." म्हटलं, निकिताच म्हणते शनिवार, आणि आता तो घाबरलेला आहे. लिडिया म्हणाली, "घाबरलेला माणूस गप बसतो असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

तिला जरा टोकायचीच सवय आहे. तिच्या चर्चमधल्या वकीलबाईंचा नंबर मात्र घेऊन ठेवला. निकितासाठी आतली खोली झाडली, नवी चादर घातली.

१२ मार्च

दार उघडलं तर पायऱ्यांवर माती. कुंडी आडवी. कंद उपटून कोयत्याने तुकडे केलेत, मुनव्यांसकट, सगळे एका मापाचे, उसाचं बेणं तोडतात तसे. लिडियाने पहाटे अमृतची गाडी पाहिली. तिला वाटलं, निकिताला घेऊन आला.

निकिताला फोन लावला. अमृतने उचलला. "झोपलीय ती, मावशी. झोपू द्या." आवाज तसाच, मऊ.

रिक्षा आली. लिडिया बरोबर येते आहे. आधी पोलीस ठाणं, मग केडगाव. शनिवारपर्यंत थांबायचं कबूल का केलं मी?